चेकबॉक्सच्या यादीतली निवड सर्व्हरवर नीट कशी घ्यावी

चौकटीत टिक नसेल तर ब्राउझर त्या चौकटीबद्दल सर्व्हरला काहीच कळवत नाही. ‘नाही’ एवढंसुद्धा कळवत नाही. चेकबॉक्सच्या यादीत होणाऱ्या बहुतेक गडबडी इथूनच सुरू होतात, आणि तरी कोड लिहिताना आपलं लक्ष असतं ते आलेल्या खुणांवर. त्या कशा वाचायच्या हे पुढे आहेच, पण जास्त जागा मी न आलेल्या खुणांना देणार आहे.

उदाहरण एकच धरू. एका शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद दर हंगामात ‘यंदा कोणती पिकं पेरली’ हा फॉर्म भरतात. सोयाबीनमध्ये तूर, कापसात मूग किंवा उडीद अशी आंतरपिकं असतात, त्यामुळे एकच पर्याय निवडू देणाऱ्या रेडिओ बटणाने भागत नाही. यादी अशी: १ सोयाबीन, २ तूर, ३ कापूस, ४ मूग, ५ उडीद, ६ भुईमूग, ७ मका, ८ ज्वारी, ९ बाजरी आणि नंतर कधीतरी वाढवलेलं १२ तीळ. लेखात फील्डची नावं आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या कोडमध्ये दोन्ही रोमन ठेवा.

आधी ब्राउझर काय पाठवतो ते बघा

डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, फॉर्म पाठवा आणि विनंतीचा पेलोड, म्हणजे तिच्यासोबत गेलेला मजकूर, वाचा. सोयाबीन, तूर आणि मूग निवडले असतील तर मजकूर असा दिसेल:

पिके=१&पिके=२&पिके=४

एकच नाव तीनदा आलं आहे. एचटीएमएलच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. एका गटातल्या सगळ्या चौकटींना एकच नाव आणि प्रत्येकीला वेगळी व्हॅल्यू, हीच रीत. क्रम फॉर्ममधल्या मांडणीचा असतो, माणसाने आधी कशावर बोट ठेवलं त्याचा नाही. म्हणून ‘पहिलं निवडलेलं ते मुख्य पीक’ असा अर्थ लावू नका. मुख्य पीक हवं असेल तर तो प्रश्न वेगळा विचारा.

व्हॅल्यू द्यायची राहिली तर ब्राउझर स्वतःच ‘ऑन’ असा शब्द भरतो. तीन पिकं निवडली की तीनदा ‘ऑन’ येतं, आणि कोणती तीन ते कोणालाच कळत नाही. डिसेबल केलेली चौकट टिक असली तरी पाठवली जात नाही. ‘हे पीक आता बदलता येऊ नये’ म्हणून कोणी चौकट डिसेबल करतं, आणि सर्व्हर ते पीक काढून टाकतो! रीडओन्लीचा उपयोग नाही, ते चेकबॉक्सला लागूच होत नाही. ‘सगळे निवडा’च्या चौकटीत दिसणारी अर्धवट आडवी रेघही फक्त दिसण्यापुरती असते, सर्व्हरपर्यंत ती जात नाही.

व्हॅल्यू म्हणून पिकाचं नाव ठेवू नका, क्रमांक ठेवा. नाव बदलतं, हे एक कारण. दुसरं खास आपल्या लिपीचं आहे. ‘ॲपल बेर’ मधला ‘ॲ’ एका युनिकोड चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘अ’ला चंद्र जोडून दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की जुळत नाहीत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी दोन्ही एक होत नाहीत. फॉर्म एका कीबोर्डवर आणि डेटाबेस दुसऱ्या कीबोर्डवर भरला गेला असेल तर हा घोळ शोधायला दिवस जातो.

चौकटींचा गट फील्डसेटमध्ये ठेवा, प्रश्न लीजंडमध्ये लिहा आणि प्रत्येक चौकटीला लेबल जोडा. शेतात उभं राहून मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्याला नावावर बोट ठेवलं तरी टिक झाली पाहिजे.

सर्व्हरवर यादी हातात कशी येते

एकाच नावाच्या तीन किंमती (म्हणजे व्हॅल्यू) आल्यावर काय करायचं, यावर वेगवेगळ्या भाषांचं आणि फ्रेमवर्कचं एकमत नाही.

पीएचपीत साधं ‘पिके’ हे नाव दिलं तर शेवटची किंमतच उरते, आधीच्या दोन गुपचूप जातात. नाव ‘पिके[]’ असं चौकटी कंसांसह दिलं की ॲरे मिळतो. एकही टिक नसेल तर पोस्टच्या ॲरेत ती कीच नसते, म्हणून वाचतानाच ‘नसेल तर रिकामा ॲरे’ अशी सोय करा. त्यासाठी दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आहे. एवढ्यावर थांबू नका, आलेली गोष्ट खरंच ॲरे आहे का तेही तपासा. कोणी मुद्दाम ‘पिके=४’ असं कंसाविना पाठवलं तर हातात स्ट्रिंग येते, आणि ‘पिके[][]=४’ पाठवलं तर ॲरेच्या आत ॲरे.

पायथनमध्ये जँगो आणि फ्लास्क दोन्हींत ‘गेटलिस्ट’ ही मेथड वापरा. काही आलं नसेल तर ती रिकामी यादी देते. चौकटी कंसाने थेट किंमत मागितली तर जँगो शेवटची देतो आणि फ्लास्क पहिली. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

जावाच्या सर्व्हलेटमध्ये ‘गेट पॅरामीटर व्हॅल्यूज’ सगळ्या किंमतींचा ॲरे देतं. काहीच आलं नसेल तर मात्र रिकामा ॲरे नाही, नल मिळतो. ‘गेट पॅरामीटर’ फक्त पहिली किंमत देतं.

नोडवरच्या एक्सप्रेसमध्ये जरा थांबून बघायला हवं. दोन चौकटी निवडल्या तर ॲरे येतो, एकच निवडली तर साधी स्ट्रिंग. चाचणी करताना आपण हटकून दोन-तीन चौकटी टिक करतो आणि सगळं छान चालतं. मग एखादा सभासद फक्त तीळ निवडतो. ‘१२’ ही स्ट्रिंग ॲरे समजून तिच्यावर लूप फिरतो, एकेक अक्षर वेगळं होतं, आणि नोंद होते सोयाबीन आणि तूर अशी. कुठेही एरर नाही, दोन्ही क्रमांक वैध आहेत. उपाय एका ओळीचा आहे: जे काही येईल ते रिकाम्या ॲरेला ‘कॉनकॅट’ करून घ्या आणि काहीच नसेल तर रिकामा ॲरे धरा.

फॉर्म जावास्क्रिप्टने फेच करून पाठवत असाल तर तिथेही तीच काळजी. फॉर्मडेटाचं थेट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर केलं की एका नावाची शेवटची किंमतच राहते. ‘गेटऑल’ने यादी काढा आणि जेसनमध्ये ती यादी म्हणूनच घाला. जेसनचा फायदा असा की रिकामी यादी रिकामी म्हणून जाते. साध्या फॉर्मला ते जमत नाही.

शून्यासाठी हिडन फील्ड, आणि त्याची मर्यादा

एकाच चौकटीसाठी, म्हणजे ‘मला एसएमएस पाठवा’ अशा प्रश्नासाठी, एक जुनी युक्ती आहे. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं हिडन, म्हणजे पानावर न दिसणारं, फील्ड शून्य किंमतीने ठेवायचं. टिक नसेल तर शून्य जातं, असेल तर आधी शून्य आणि मग एक जातं. पीएचपी, जँगो आणि रेल्स शेवटची किंमत घेतात, त्यामुळे तिथे हे नीट चालतं. फ्लास्क आणि सर्व्हलेट पहिली घेतात, त्यामुळे तिथे टिक असो वा नसो, कायम शून्यच वाचलं जातं. एका प्रकल्पातली युक्ती दुसऱ्यात उचलून नेताना इथेच फसायला होतं.

गटासाठी ही युक्ती पुरत नाही. रेल्सचा चेकबॉक्स-संग्रहाचा हेल्पर एक रिकामं हिडन फील्ड घालतो, म्हणून यादीत सुरुवातीला एक रिकामी स्ट्रिंग दिसते. त्यावरून ‘हा गट फॉर्मवर होता’ एवढंच कळतं. कोणकोणत्या चौकटी दाखवल्या होत्या ते कळत नाही.

मी सुचवेन ते असं: प्रत्येक चेकबॉक्सशेजारी ‘दाखवलेली’ या नावाचं एक हिडन फील्ड ठेवा आणि त्यात त्याच पिकाचा क्रमांक घाला. सर्व्हरकडे मग दोन याद्या येतात, माणसाला काय विचारलं त्याची आणि त्याने काय निवडलं त्याची. हे जड वाटेल. पण दुरुस्तीच्या वेळी याच यादीवाचून अडतं.

तपासणी

ब्राउझरमध्ये आपण दहा चौकटी दाखवल्या म्हणून तेवढेच क्रमांक येतील असं नाही. डेव्हलपर टूल्समध्ये व्हॅल्यू बदलायला काही सेकंद लागतात. म्हणून आलेल्या यादीवर याच क्रमाने काम करा.

प्रत्येक किंमत पूर्णांक आहे का ते बघून तिचं रूपांतर करा. इथे एक गंमत आहे: देवनागरी ‘४’ पायथन आणि जावा आनंदाने चार म्हणून स्वीकारतात, पीएचपीत पूर्णांकात कास्ट केलं की शून्य मिळतं आणि जावास्क्रिप्ट ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. रूपांतरानंतर दुहेरी क्रमांक काढा. मग उरलेले क्रमांक डेटाबेसमधल्या चालू पिकांच्या यादीशी ताडून बघा. पीएचपीत ‘इन ॲरे’ वापरत असाल तर तिसरा आर्ग्युमेंट देऊन काटेकोर तुलना करा. आठव्या आवृत्तीच्या आधी कुठलीही अक्षरं शून्याशी जुळायची. फॉर्ममधून स्ट्रिंग येते आणि डेटाबेसमधून बहुधा पूर्णांक, त्यामुळे काटेकोर तुलनेआधी रूपांतर झालेलं असलंच पाहिजे.

अनोळखी क्रमांक आला तर तेवढा वगळून पुढे जायचं की अख्खा फॉर्म परत करायचा? मी फॉर्म परत करतो. गुपचूप वगळलं तर सभासदाला वाटतं नोंद झाली, आणि बियाण्याच्या यादीत त्याचं नाव नसतं.

हे ताडणं एसक्यूएलमध्ये ‘इन’ वापरून करणार असाल तर जितके क्रमांक तितके प्लेसहोल्डर बनवा. किंमती जोडून क्वेरीची स्ट्रिंग तयार करू नका. यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका, कारण मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांनाही रिकामा कंस ही वाक्यरचनेची चूक वाटते.

‘किमान एक निवडा’ हा नियम एचटीएमएलच्या रिक्वायर्डने साधत नाही, कारण ते गटाला न लागता एकेका चौकटीला लागतं. सगळ्या चौकटींना दिलं तर सगळी पिकं पेरावी लागतील. हा नियम सर्व्हरवरच तपासायचा, हवं तर वरून जावास्क्रिप्टने सूचना द्यायची. जँगोच्या मल्टिपल चॉइस फील्डमध्ये मुळातच किमान एक निवड सक्तीची असते. रिकामी चालणार असेल तर ते स्पष्ट सांगावं लागतं.

आपल्या उदाहरणात रिकामी चालायला हवी, कारण एखाद्याने जमीन पडीक ठेवलेली असू शकते. पण मग ‘काही पेरलं नाही’ आणि ‘फॉर्म भरलाच नाही’ यांत फरक कसा करणार? त्याचं उत्तर साठवणीत आहे.

साठवण

सर्वांत मोहात पाडणारा मार्ग म्हणजे ‘मूग, तूर’ असं स्वल्पविरामाने जोडून एका कॉलममध्ये ठेवणं. पंधरा मिनिटांत काम होतं. मग कार्यालयातून विचारणा येते: मूग पेरलेले सभासद किती? ‘लाइक’ लावून ‘मूग’ शोधला की भुईमूगवालेही त्यात येतात. नावांऐवजी क्रमांक जोडले तरी सुटका नाही, ‘१’ शोधताना ‘१२’ही सापडतो. मायएसक्यूएलमध्ये ‘फाइंड इन सेट’ने उत्तर बरोबर मिळतं, पण नेहमीचा इंडेक्स तिथे उपयोगी पडत नाही. त्याच डेटाबेसमधला ‘सेट’ हा प्रकार जास्तीत जास्त ६४ पर्याय घेतो आणि पीक वाढवायचं म्हटलं की टेबलाचीच रचना बदलावी लागते.

तीन टेबलं करा. पहिलं पिकांचं: क्रमांक, नाव, चालू आहे की बंद. दुसरं नोंदणीचं: सभासद, हंगाम, फॉर्म भरल्याची वेळ. तिसरं जोडणीचं: नोंदणी क्रमांक आणि पीक क्रमांक, दोन्ही मिळून प्रायमरी की, दोन्हींवर फॉरेन की. जोडणीच्या टेबलात एका टिकेला एक रांग.

दुसऱ्या टेबलाने मघाचा प्रश्न सुटतो. नोंदणीची रांग आहे पण जोडणीत काही नाही, म्हणजे पेरणी केली नाही. नोंदणीचीच रांग नाही, म्हणजे फॉर्म भरलेला नाही, फोन करा. तरीही फॉर्मवर ‘या हंगामात पेरणी नाही’ अशी वेगळी चौकट ठेवलेली बरी. घाईत थेट ‘पाठवा’ दाबणारे बरेच असतात. ती चौकट आणि एखादं पीक दोन्ही टिक असतील तर फॉर्म परत करायचा.

दुरुस्ती: खरी कसोटी इथे

पहिल्यांदा नोंद करणं सोपं आहे. दुसऱ्यांदा तोच फॉर्म उघडून दोन टिक काढल्या आणि एक वाढवली, तेव्हा काय करायचं? सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे जुन्या सगळ्या रांगा पुसायच्या आणि आलेल्या नव्याने घालायच्या. छोट्या कामाला तो चालतो, पण दोन ठिकाणी नडतो. एक, रांगेत क्षेत्र किंवा ‘पाहणी झाली’ अशी माहिती असेल तर तीही पुसली जाते. दोन, आणि हे जास्त वाईट: जी चौकट फॉर्मवर नव्हतीच तिचीही नोंद जाते.

समजा ज्वारी या हंगामापासून यादीतून बंद केली, म्हणून ती फॉर्मवर दिसत नाही. ज्याची ज्वारीची नोंद आधी झाली आहे त्याने आता फक्त मका वाढवला. ज्वारी आली नाही, म्हणून सर्व्हरने ती काढली. त्या माणसाने ज्वारीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. जँगोमध्ये फॉर्मची क्वेरीसेट फक्त चालू पिकांपुरती ठेवली तरी जतन करताना हेच होतं.

म्हणून ‘दाखवलेली’ यादी:

आलेली = विनंतीतून(“पिके”)
दाखवलेली = विनंतीतून(“दाखवलेली”)
आधीची = डेटाबेसमधून(नोंदणी)

भर = आलेली − आधीची
काढ = (आधीची ∩ दाखवलेली) − आलेली

∩ म्हणजे दोन्ही याद्यांत असलेले. फक्त ‘भर’ घाला आणि फक्त ‘काढ’ पुसा, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाली तर दोन्ही कामं होतील, नाहीतर एकही नाही. जे विचारलं नव्हतं त्याला हात लावायचा नाही. कार्यालयातल्या एकाच्या स्क्रीनवर सकाळपासून जुना फॉर्म उघडा आहे आणि मधल्या वेळात दुसऱ्याने यादीत तीळ वाढवून त्याच सभासदाला टिकही केला, तरी तीळ शाबूत राहतो. ‘आलेली’मधला प्रत्येक क्रमांक ‘दाखवलेली’त असलाच पाहिजे, हीही एक तपासणी करून घ्या. ‘दाखवलेली’सुद्धा ब्राउझरकडूनच येते, म्हणून तिच्यावरही पूर्णांकाची तपासणी लावा. अट कडक हवी असेल तर ती यादी सर्व्हरवर सेशनमध्ये ठेवा, पण मग दोन टॅब उघडणाऱ्यांचं बघावं लागेल. पीक मधल्या वेळात बंद झालं आणि ते ‘भर’मध्ये आलं तर नाकारा. आधीच नोंदलेलं असेल तर राहू द्या.

‘पाठवा’ दोनदा दाबलं गेलं तर प्रायमरी की दुहेरी रांग अडवते, पण एरर सभासदाच्या तोंडावर जायला नको. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ वापरा. मायएसक्यूएलचं ‘इन्सर्ट इग्नोर’ मला आवडत नाही, कारण ते फॉरेन कीसारख्या इतर चुकांनाही नुसत्या वॉर्निंग करून सोडून देतं.

प्रत्येक पिकाशेजारी क्षेत्र असेल तर

चौकटीशेजारी ‘किती गुंठे’ असा रकाना आला की नवीन खड्डा. रकान्यांना ‘क्षेत्र[]’ असं नाव दिलं तर दहाही रकाने सर्व्हरकडे येतात, रिकामे धरून. चौकटी मात्र टिक केलेल्याच येतात. सोयाबीन न निवडता तूर आणि मूग निवडले, तर पिकांचा पहिला घटक तूर असतो आणि क्षेत्रांचा पहिला घटक सोयाबीनचा रिकामा रकाना. अनुक्रमाने जोड्या लावल्या की तुरीचे चाळीस गुंठे मुगाच्या नावावर जातात आणि तुरीला काहीच उरत नाही.

अनुक्रमावर विसंबूच नका, नावातच क्रमांक घाला: पीएचपीत ‘क्षेत्र[४]’, इतरत्र ‘क्षेत्र_४’. मग निवडलेल्या प्रत्येक पिकाचं क्षेत्र त्याच्याच नावाने मागता येतं. क्षेत्र भरलंय पण टिक नाही, असंही होतं. तिथे अंदाज करू नका, फॉर्म परत दाखवून विचारा.

मोठा तक्ता आणि हजाराची मर्यादा

कार्यालयासाठी ‘सगळे सभासद एका पानावर’ असा तक्ता केला, दोनशे ओळी आणि प्रत्येकीत दहा चौकटी, तर फील्डची संख्या सहज हजारांवर जाते. पीएचपीत ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ची मर्यादा मुळात १००० आहे आणि ती ओलांडली की पुढची फील्ड सोडून दिली जातात. लॉगमध्ये वॉर्निंग पडते, पण तुमचा कोड चालू राहतो आणि तळच्या सभासदांची निवड रिकामी समजतो. जँगो आणि एक्सप्रेसची मर्यादाही मुळात १००० आहे, पण ते विनंती नाकारतात, हे बरं. पीएचपीवर असाल तर फॉर्मच्या अगदी शेवटी ‘समाप्त’ नावाचं हिडन फील्ड ठेवा आणि ते आलं नसेल तर काहीही जतन करू नका. ‘दाखवलेली’ची फील्डही या मोजणीत धरली जातात. तक्ता पानांमध्ये तोडणं हाच सरळ मार्ग.

चूक झाल्यावर परत दाखवताना

फॉर्म पहिल्यांदा उघडताना टिक डेटाबेसवरून लावायच्या. तपासणीत चूक निघाली तर माणसाने नुकत्याच केलेल्या निवडीवरून लावायच्या, नाहीतर त्याला सगळं पुन्हा करावं लागतं. टिक अजिबात दिसत नसतील तर बहुधा स्ट्रिंग ‘४’ची पूर्णांक ४ शी तुलना होते आहे. जतन झाल्यावर ३०३ या रीडायरेक्ट कोडने दुसऱ्या पानावर पाठवा, म्हणजे पान रिफ्रेश केलं तरी फॉर्म पुन्हा जाणार नाही.

चाचण्या

ब्राउझर बाजूला ठेवा आणि कर्ल या कमांड-लाइन साधनाने थेट विनंत्या पाठवा. शून्य टिक. एकच टिक, आणि ती मुद्दाम दोन अंकी क्रमांकाची. सगळ्या टिक. तोच क्रमांक दोनदा. यादीत नसलेला ९९९. क्रमांकाच्या जागी अक्षरं. देवनागरी ‘४’. कंसाविना नाव, आणि पीएचपी असेल तर दुहेरी कंस. बंद केलेलं पीक आधीपासून नोंदलेला सभासद घेऊन दुसरंच पीक वाढवा आणि जुनी रांग जागेवर आहे का ते डेटाबेसमध्ये जाऊन बघा. दोन टॅबमध्ये एकच फॉर्म उघडा, एकात बदल जतन करा, मग दुसरा पाठवा. शेवटी हजारांहून जास्त फील्डचा तक्ता पाठवून बघा, आणि तपासताना वरच्या ओळी सोडून थेट तळाच्या सभासदांच्या नोंदी उघडा.